साडेचार हजारावरचा आकडा

मंगलचा फोन आला तेव्हा मी दारात गॅसवाल्याशी भांडत होते. सिलिंडरचं सील तुटलेलं होतं आणि तो मला शिकवत होता की असंच येतं. फोन कानाला लावून मी म्हणाले, "थांब गं मंगल, आधी ह्याचा निकाल लावते." ती थांबली.  मी सिलिंडर परत पाठवला, चप्पल काढून आत आले, पंखा लावला आणि मग म्हणाले, "हं, बोल आता." ती म्हणाली, "ताई, हे गेले." मंगल माझी भावजय. तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ विलास, अर्ध्या तासापूर्वी रेवदंड्याला आपल्या गॅरेजच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. शटर उघडून झालं होतं, अर्धा चहा पिऊन झाला होता... आणि मी तिला सिलिंडरसाठी थांबायला लावलं. मला माझ्या स्वभावाची लाज वाटावी असे प्रसंग आयुष्यात बरेच आहेत. हा त्यातला एक. दुसरा सांगायला हा लेख लिहायला घेतलाय.

विलासच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या विहारातल्या शोकसभेला, माणसं खूप आली. जो तो उठून बोलत होता, विलासभाऊ मनमिळाऊ होते, शांत होते. मी मंगलकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. मनमिळाऊ! गिऱ्हाइकाने इंजिनाबद्दल शहाणपणा शिकवला तर त्याची चावी रस्त्यावर भिरकावणारा माणूस होता तो. आमच्या आईने दोन्ही पोरांना नाकावर राग देऊनच जन्माला घातलं. मी निदान शाळेत गणित शिकवून तो राग फळ्यावर काढला. विलासने तो काढला नट-बोल्टवर. पण एक गोष्ट त्या दिवशी कुणीच बोललं नाही, ती मी सांगते. विलासचा कान! आम्ही घरात जेवायला बसलेलो असायचो, बाहेरून गाडी जायची, आणि हा घास तोंडात ठेवूनच म्हणायचा, "टेम्पोचा तिसरा प्लग मेलाय." दोन दिवसांनी तो टेम्पोवाला यायचा, विलास मेलेला प्लग काढायचा आणि तो तिसराच असायचा. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जमान्यात रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत गाडी ट्यून करायची म्हणजे विलासकडे, हे ठरलेलं. स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून. इंजिनाचा सूर लागला की त्याच्या कपाळावरची आठी जायची. बस्, तेवढंच त्याचं मीटर.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी एक छोटा कॉम्प्युटर बसला. आता स्क्रू फिरवायचा कुठे? लोक स्कॅनरवाल्यांकडे जायला लागले. शनिवार-रविवार मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरणाऱ्या बंगलेवाल्यांपैकी एकाने विलासच्या तोंडावर म्हटलं, "तुम्ही कार्बोरेटरवाले ना? मग राहू द्या." चावी फेकायचंसुद्धा त्याला सुचलं नाही म्हणे. तोंडात मारल्यासारखा घरी आला. मला फोन करून म्हणाला, "ताई, मला कार्बोरेटरवाला म्हनला." मी म्हटलं, "मग आहेसच की!" जीभ माझी, दुसरं काय.

सहा महिन्यांनी त्याने एक भंगारातली गाडी आणली. इंजेक्शन नवीन नवीन आलं तेव्हाची, छोटी, चार सिलिंडरची, रंग कधीकाळी लाल असावा. तिचं इंजिन त्याने पूर्ण उतरवलं. हेडमधले हवेचे रस्ते स्वतःच्या हाताने घासून मोठे केले, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट नव्या आकाराचा घालून घेतला, सायलेन्सरचा सगळा पाइप बदलला. इंजिन आता पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढणार होतं. पण पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर मात्र जुनाच. त्याच्या पोटात एक कोष्टक असतं... इंजिन इतक्या वेगाने फिरतंय, हवा इतकी येतेय, म्हणजे पेट्रोल इतकं सोडा. ते कोष्टक जुन्या इंजिनाचं. जुन्या मापावर शिवलेला ब्लाउज, आणि बाई झाली जाड. आणि हे जुने कॉम्प्युटर असे हट्टी की उघडून आतलं कोष्टक बदलायची सोय नाही. म्हणून विलास मांडव्याहून बोट पकडून मुंबईला गेला आणि एक डबा घेऊन आला. त्याला आठ बटणं, फिरवायची. हवेची खबर कॉम्प्युटरकडे जाताना हा डबा मध्ये बसतो आणि त्या खबरीत थोडं इकडचं तिकडं करतो. मग कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त सोडतो. पहिलं बटण कमी वेगाचं, शेवटचं जास्त वेगाचं. शिवाय सायलेन्सरच्या पाइपात बसवायचं एक मीटर, पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग पडतायत ते आकड्यात दाखवणारं. "पाय पूर्ण दाबला असताना आकडा तेराच्या आत रहायला पाहिजे," विलासने मला समजावलं. "चौदा-पंधराकडं गेला की पेट्रोल कमी, आग जास्त. पिस्टन वितळतो."

मला का समजावलं? तर गाडी पळवायची त्याने, मीटर वाचायचं कुणी? मी नुकती निवृत्त झाले होते, तळा गावी माझ्या घरात बसून शेजारणींच्या चुका काढत होते. तो म्हणाला, "तुझा आकड्यांशी संबंध हाय, ये." मी दोन एसट्या बदलून रेवदंड्याला गेले आणि महिनाभर राहिले. सकाळी साडेसहाला आम्ही खाडीच्या पुलापलीकडे जायचो. सरळ रस्ता लागला की तो तिसऱ्या गिअरमध्ये पाय तळापर्यंत दाबायचा आणि मी एका हाताने दाराला धरून, इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या ते दाखवणाऱ्या काट्याकडे एक डोळा आणि मीटरकडे एक डोळा ठेवून, दर पाचशे फेऱ्यांना आकडा वहीत उतरवायचे. दोन हजार, अडीच हजार, तीन हजार... मासे घेऊन एसटीची वाट बघणाऱ्या बायका ओरडायच्या, "काय रं विलास, मास्तरणीला पळवून नेतोस काय?" तो म्हणायचा, "न्हाय, मास्तरीणच मला पळवतेय!" एवढा खूश मी त्याला लहानपणानंतर बघितला नव्हता. मीही खूश होते, कबूल करते.

आता चूक. तीस वर्षं मी मुलांना आलेख काढायला शिकवला. प्रत्येकाच्या दोन वह्या, रफ आणि फेअर. रफ वहीत आकडे जसे आले तसे. मग फेअर वहीत स्वच्छ अक्षरात, रेषा आखून. आणि आलेखावर एखादा बिंदू उगाच रांगेबाहेर गेला तर तो वाचण्यातला दोष समजायचा, वक्ररेषा गुळगुळीत काढायची. हे मी हजारदा सांगितलंय. शेवटच्या दिवसाच्या आकड्यांत सगळं छान होतं. चार हजार फेऱ्यांना बारा पॉइंट नऊ. पाच हजारांना बारा पॉइंट सात. आणि मध्ये साडेचार हजारांना चौदा पॉइंट आठ! मला वाटलं, तिथेच रस्त्यावर खड्डा लागला होता, हात हलला, डोळा चुकला. संध्याकाळी मंगलच्या ओट्यावर बसून फेअर करताना मी त्या जागी लिहिलं, बारा पॉइंट आठ. शिवाय लाल शाईने अधोरेखितसुद्धा केलं, इतकी देखणी रेषा आली होती. विलासने फेअर वही बघितली, कपाळावरची आठी गेली, आणि ते बटण त्याने होतं तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मला तळ्याला सोडायला तोच निघाला, त्याच गाडीतून. आमचं कोकणातलं इंदापूर सोडून आम्ही तळ्याच्या रस्त्याला लागलो. चढावर तो गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढत होता, पाय दाबलेला, काटा साडेचार हजारांवर, आणि गाडी खरंच वाऱ्यासारखी चालली होती. तो गात होता. बेसूर. मग धप् असा आवाज झाला, मागे निळा-पांढरा धूर, आणि सगळं शांत. त्याने बॉनेट उघडलं, प्लग काढले, एक तळहातावर धरून बराच वेळ बघितला. त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमचे बारीक थेंब चिकटले होते. पिस्टन वितळला होता. मग मला म्हणाला, "ताई, हे एकदम होत न्हाय. त्याआधी इंजिन वाजतं. तुला काय ऐकू आलं?" मी म्हटलं, "काही नाही रे. ती खडी उडत होती ना खालून, तेवढाच आवाज." तो म्हणाला, "खडी?" आणि रस्त्याकडे बघायला लागला. रस्ता नवीन केलेला होता, काळा, गुळगुळीत. औषधाला खडा नव्हता. मला जे खडी वाटलं ते इंजिन होतं. ते मला ऐकू आलं होतं पण कळलं नव्हतं. त्याला कळलं असतं, पण ऐकूच आलं नव्हतं. माझा भाऊ रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि एवढंच म्हणाला, "कान गेले माझे."

त्या रात्री मी रफ वही उघडली. चौदा पॉइंट आठ, माझ्याच अक्षरात. तेव्हाच एसटी पकडून जाऊन सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. आधी वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, तो स्वतःच म्हणतोय ना कान गेले, मग कशाला? खोटं कशाला बोलू, आकडे कधी खोडू नका, खोडलंच तर सही करा, असं पोरांना दम देऊन सांगणारी बाई मी... झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तीन वर्षं गप्प बसले. तीन वर्षं! तोवर विलासने इंजिनाचं काम बंद केलं होतं. पंक्चर, ब्रेक, ऑइल, एवढंच. जेवताना बाहेरून गाडी गेली तर तो मान खाली घालून जेवत रहायचा. मंगल म्हणायची, "ताई, हे बोलतच न्हायत हो हल्ली." मी म्हणायचे, "वय झालं." किती सहज म्हणायचे.

शेवटी माझं तोंड सुटलं ते एका दुपारी. मी त्याच्याकडे गेले होते. एक जुना गिऱ्हाईक गाडी घेऊन आला, म्हणाला, भाऊ, पिकअप नाही, जरा ऐकून बघा. आणि विलास त्याला म्हणाला, "दुसऱ्याकडं ने बाबा. मला ऐकू येत न्हाय." असं म्हणाला, जसं कुणी म्हणावं दुकान बंद आहे. माझ्याने राहवलं नाही. त्या माणसासमोरच मी बोलून गेले, "कान नव्हते रे चुकले! आकडा मी बदलला होता." पुढचं सगळं मी उभ्या उभ्याच सांगितलं, खड्डा, फेअर वही, लाल शाई. विलास टायरवर हात ठेवून ऐकत होता. ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "रफ वही हाय?" मी म्हटलं, आहे. दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. त्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं, काळं, ग्रीसचं. "तीन वर्सं ताई, मी सोताला मेलेला समजून बसलो," तो म्हणाला. "आणि तू माझ्याकडं येऊन जेवून जात होतीस." एवढं बोलून तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

पुढचे दोन महिने बोलला नाही. बुद्धजयंतीला विहारात मी ह्या टोकाला, तो त्या टोकाला. खिरीची वाटी मंगलच्या हाती पाठवली, तर रिकामी वाटी शेजाऱ्याच्या हाती परत आली. मला राग आला नाही, हे लिहून ठेवते, कारण एरवी मला सगळ्यात आधी येतो तो रागच. वाईट मात्र फार वाटायचं. आणि मग एक दिवस सकाळी माझ्या दारात हॉर्न. बघते तर तीच गाडी. खिडकीतून डोकं काढून म्हणतो, "चल. इंजिन परत बांधलंय." मी दारातच रडायला लागले. म्हटलं, "विलास, मला माफ..." तर म्हणाला, "माफबीफ काय न्हाय केलं. पण आकडे वाचायला दुसरं कोन हाय माझ्याकडं? आणि फेअर वही आणशील तर खाडीत टाकीन. तुला न्हाय, वहीला."

ह्या खेपेला मला दोन कामं होती. मीटर वाचायचं, आणि ऐकायचं. एक म्हातारी बाई कसं ऐकणार, तर त्याने मला आधी शिकवलं. स्टीलच्या डब्यात चार शेंगदाणे टाकून हळू हलवायचा आणि म्हणायचा, "हा आवाज. लई बारीक. आला की ओरडायचं." कानांचा डॉक्टर बघ म्हणून मी सांगून थकले. तो म्हणाला, "तू हायस तवर कशाला?" त्याचे कान खरोखरच अर्धे गेले होते हो, पस्तीस वर्षं ग्राइंडरच्या शेजारी बसून आणखी काय होणार. पण आता ते त्याला लपवावंसं वाटत नव्हतं. पुलापलीकडचा रस्ता, तिसरा गिअर, पाय तळाला, आणि तो बारीक आवाज आला की मी सगळा जीव एकवटून ओरडायचे, "वाजतंय!" आणि त्याचा पाय उचललेला असायचा. माझा शब्द पूर्ण व्हायच्या आत.  माझ्या खोट्या आकड्याने ज्याचं इंजिन गेलं, तीन वर्षं गेली, तो माणूस माझ्या एका शब्दावर पाय उचलत होता. नक्की का, असं त्याने एकदाही विचारलं नाही. दोनदा मी चुकले, खरोखरच खडी होती. तेव्हाही त्याने गाडी वळवून पुन्हा सुरुवातीपासून घेतली.

साडेचार हजारांवर आकडा पुन्हा तसाच आला, रांग सोडून, ठसठशीत. मी तो जसाच्या तसा मोठ्याने वाचला. विलास हसला. "दिसला? तिथं नवा कॅमशाफ्ट जागा होतो," तो म्हणाला. "तिथं इंजिन एकदम भरून श्वास घेतं, म्हनून पेट्रोल कमी पडतं. गाडीचा सगळा जीव त्याच एका जागी हाय, आणि तू तोच खोडलास, बाई!" त्याने गाडी कडेला घेतली, डब्यावरचं ते बटण चिमूटभर फिरवलं, आणि आम्ही पुन्हा निघालो. सहा सकाळी लागल्या. शेवटी आकडा बारा पॉइंट आठ आला, खराखुरा, मीटरवर, आणि मी कान टवकारून बसले तरी काहीही वाजलं नाही. त्या दिवशी परत येताना त्याने मला गोटी सोडा पाजला. सात-आठ महिने तो पुन्हा इंजिनं ट्यून करत होता. मला बोलावणं यायचं आणि मी जायचे, शेजारच्या सीटवर बसून गिऱ्हाइकांच्या गाड्या ऐकायला. लोक हसायचे. हसोत. त्यातल्या एका बंगलेवाल्याने विचारलं, ह्या बाई कोण? विलास म्हणाला, "माझे कान."

गेल्या आठवड्यात मी रेवदंड्याहून परत येत होते. मंगलसोबत आठ दिवस राहिले, शटर अजून बंदच आहे, ती म्हणते इतक्यात नको. इंदापूरला शेअर व्हॅन मिळाली. पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मागे बाजाराच्या पिशव्या घेतलेली सात-आठ माणसं. मी कशाचाच विचार करत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. चढ लागला, गाडी भरलेली, ड्रायव्हरने पाय दाबला... आणि खालून तो आवाज आला. बारीक. मला कळायच्या आत मी घसा फोडून ओरडले, "वाजतंय!" मागच्या बाईच्या हातून पिशवी पडली. ड्रायव्हर दचकला आणि त्याने झटकन पाय उचलला. आवाज थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. तो पोरगेलासा ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "काय वाजतंय, मावशी?"  मी फक्त हाताने खूण केली, गिअर खाली घे, आणि त्याने निमूटपणे घेतला.